झिजलेली किल्ली

माणसाच्या हाताखाली काय काय झिजते याचा आपण सहसा विचार करीत नाही. देवळाचा उंबरा झिजतो, आडाच्या काठाला दोराच्या खाचा पडतात, चंदन उगाळून सहाण मध्येच खोल होते. या झिजलेल्या वस्तूंविषयी लोक मोठ्या आदराने बोलतात. त्यांच्यावर निबंधही लिहितात. मोटारीच्या किल्लीवर मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. बोटभर लांबीचा तो पितळेचा तुकडा. त्याचे काय कौतुक करायचे! पण वाचकहो, काही घरे अशी असतात की त्यांची चूल, औषधपाणी आणि मुलांच्या फिया या सर्वांचे दार त्या बोटभर तुकड्याने उघडते. माझे घर त्यांतले एक आहे. म्हणून हा प्रपंच.

आमचे आप्पा वडाप चालवतात. वडाप म्हणजे काय हे आमच्या कोल्हापूर भागात कोणाला सांगावे लागत नाही. एस. टी. निघून गेली, किंवा यायचीच राहिली, की माणसे ज्या गाडीत दाटीवाटीने बसतात ती वडाप. आमची व्हॅन वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, म्हणजे सतरा वर्षांची. आप्पा तिचे तिसरे मालक. पहाटे डेअरीला जाणारे, मग शाळेची पोरे, मग दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे, दुपारी बाजारकरी बायका, असा तिचा दिवस. आमच्या घरात पदवीच्या वर्गात बसलेली मी पहिलीच. आप्पांचे शिक्षण सातवीत थांबले, आई चौथीपर्यंत गेली. मी एस. वाय. बी. ए. पर्यंत आले ती या व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून, हे मी शब्दशः सांगते आहे. कारण रोज सकाळी आठच्या फेरीला मी त्याच गाडीतून कॉलेजला येते.

किल्ली झिजते म्हणजे नेमके काय होते, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. कुलपाच्या नळीत पितळेच्या पातळ पत्त्या एकामागे एक बसवलेल्या असतात. प्रत्येक पत्तीला मध्ये एक खिडकी असते आणि त्या खिडकीचा काठ कोणात थोडा वर, कोणात थोडा खाली असतो. मागून बारीक स्प्रिंग पत्तीला बाहेर ढकलत असते, त्यामुळे तिचे टोक बाहेरच्या खाचेत अडकून नळी फिरत नाही. बरोबर किल्ली आत गेली की तिच्या चढउतारांवर सगळ्या पत्त्या नेमक्या जागी येतात, एका रेषेत उभ्या राहतात, आणि नळी मोकळी होऊन फिरते. एकाच पत्तीने हट्ट धरला तरी बाकीच्यांचे शहाणपण फुकट! किल्लीच्या एका पायरीत आणि पुढच्या पायरीत साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. त्यातले थोडे घासून गेले की किल्लीला आपले कुलूप ओळखेनासे होते.

ही युक्ती तशी फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी कुलपे होती आणि त्यांतही खाली पडणारे खुंट किल्लीने उचलावे लागत. तीच कल्पना धातूत, खिशात मावेल अशा चपट्या किल्लीसह अमेरिकेतील लायनस येल या धाकट्या येलने बसवली. त्याची पेटंटे १८६१ आणि १८६५ सालची आहेत. मोटारीला मात्र किल्ली उशिरा मिळाली. आधी समोर उभे राहून हँडल मारावे लागे. चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक गाडीत आला आणि किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याची सोय क्रायस्लरने १९४९ साली दिली. ज्या गोष्टीशिवाय आपले चालतच नाही असे वाटते तिचे वय बहुधा आपल्या आजोबांइतकेच निघते.

आता आमच्या किल्लीचा हिशेब पाहा. वडापवाला इंजिन चालू ठेवून उभा राहत नाही. डिझेल-पेट्रोलचे भाव त्याला तसे करू देत नाहीत. स्टँडवर गाडी लागली की बंद, प्रवासी भरले की चालू. दिवसाला वीस वेळा किल्ली फिरली असे धरले तरी वर्षाला सात हजारांवर जाते आणि सतरा वर्षांत सव्वा लाखाच्या घरात. एवढ्या वेळा घासल्यावर दगडही गुळगुळीत होईल, मग हे तर पितळ! वरचा निकेलचा पांढरा मुलामा केव्हाच उडाला होता, पिवळे अंग उघडे पडले होते आणि दात्यांच्या कडा वापरून वापरून गोल झाल्या होत्या.

लक्षणे आधीपासून दिसत होती. किल्ली आत घालून किंचित मागे ओढावी लागे, मग डावीकडे हलवून उजवीकडे फिरवायची. ही कला आप्पांच्या बोटांतच होती. दुसऱ्या कोणाच्या हातून गाडी सुरू होत नसे. पुढे पुढे चालू गाडीतून किल्ली सहज बाहेर निघू लागली. शाळेच्या पोरांना त्याचे भारी कौतुक. "आप्पा, जादू दावा की!" म्हणत आणि आप्पा किल्ली काढून त्यांच्यापुढे नाचवीत. इंजिन आपले चालूच! एकदा तर शेजारच्या टेंपोची किल्ली आमच्या व्हॅनला लागली. सगळे हसले. पण हसण्यासारखे त्यात थोडेच होते. ज्या कुलपाला कोणाचीही किल्ली चालते ते कुलूप केवळ शोभेचे.

त्यात आप्पांचा जुडगा जड. त्यात घराची किल्ली, डेअरीच्या कपाटाची किल्ली, जोतिबाचा पितळी बिल्ला आणि कधीकाळी कोणी भेट दिलेला एक मोठा लोखंडी घोडा. गाडी खड्ड्यातून उसळली की हा सगळा संसार त्या नळीत लोंबकळून हिसके खाई. यानेही पत्त्या झिजतात. किल्लीचे हे प्रकरण किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण मी नंतर वाचले. अमेरिकेत जनरल मोटर्सला २०१४ साली सुमारे २६ लाख लहान गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. किल्लीमागचा स्विच इतका सैल होता की जड जुडग्याच्या ओढीने किंवा धक्क्याने तो चालत्या गाडीत बंद होई, आणि मग अपघातात जीव वाचवणारी हवेची पिशवीही फुगत नसे. नुकसानभरपाईच्या निधीने त्यापायी १२४ मृत्यू मान्य केले. इतक्या क्षुल्लक दिसणाऱ्या सुट्या भागापायी! हे वाचल्यावर लोखंडी घोडा मी जुडग्यातून काढून देव्हाऱ्याच्या खिळ्याला अडकवला. आप्पा काही बोलले नाहीत.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, ती किल्ली शेवटी फिरेनाशी झाली. गाडीत नऊ माणसे. स्टँडवर आमचा नंबर पहिला. आप्पांनी किल्ली ओढली, हलवली, शर्टाला पुसली, फुंकर मारली, पुन्हा घातली. काही नाही. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मग एक बाई कोथिंबिरीचा भारा घेऊन खाली उतरली; तिच्या मागून दुसरी. डोळे तपासायला निघालेले एक आजोबा सगळ्यांत शेवटी उतरले. "रामा, मी थांबलो असतो रं, पन माजा नंबर जाईल तितं," असे ते दोनदा म्हणाले. जणू दोष त्यांचाच होता. सगळी मागच्या गाडीत बसली आणि ती धूळ उडवीत निघून गेली. रिकाम्या गाडीत आम्ही दोघेच. आप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिले. मी त्यांना रागावलेले पाहिले आहे, दमलेले पाहिले आहे. पण आपले कसब एकाएकी निकामी झालेला माणूस त्या दिवशी प्रथम पाहिला.

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला. स्टँडवरच्या मेकॅनिकने सांगितले, "किल्ली काढूनच टाका की! वायर डायरेक्ट करून बटण बसवतो. शंभर रुपयांत काम." त्या दिवसापुरते त्याने तसे करूनही दिले. रात्री आप्पा जेवताना म्हणाले, "बिनकिल्लीची गाडी म्हंजे बिनदाराचं घर. कोन बी शिरंल." पुण्याच्या मामांनी फोनवर वेगळाच मार्ग सुचवला. मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, नाही तर नाना पेठेत सुट्या भागांची दुकानेच दुकाने आहेत. मोडीत निघालेल्या गाडीचे कुलूप किल्लीसकट घेऊन पाठवतो, असे ते म्हणाले. आप्पांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "त्या कुलपाची दुसरी किल्ली कुनाच्या खिशात हाय, दाजी?" मामा निरुत्तर झाले. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचा हा प्रश्न मला आजही तर्कशास्त्राच्या पुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा नेटका वाटतो.

उरला नवा लॉकसेट. म्हणजे स्विचचे, दोन्ही दारांचे आणि पेट्रोलच्या टाकीचे अशी सगळी कुलपे एकाच किल्लीची. आम्ही शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन खोकी समोर ठेवली. एकाची किंमत चार हजारांच्या जवळ, दुसऱ्याची नऊशे. दोन्हींवर चित्र तेच, नाव तेच. माझ्या परीक्षेची फी त्याच आठवड्यात भरायची होती. आप्पांचा हात नऊशेच्या खोक्याकडे गेला तेव्हा तो का गेला, हे मला ठाऊक होते. मी खोके उचलून वाचू लागले. 'जेन्युइन' हा इंग्रजी शब्द त्यावर 'जी' ऐवजी 'जे' ने सुरू केलेला होता! बनवणाऱ्याचा पत्ता नाही, किमतीचा शिक्का नाही. मी ते आप्पांना हळूच दाखवले. "तुजं इंग्रजी पयल्यांदा गाडीच्या कामाला आलं," ते म्हणाले, आणि आम्ही दोन्ही खोकी ठेवून बाहेर पडलो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्वस्त म्हणजे वाईट असे माझे म्हणणे नाही. आमच्यासारख्यांची गाडी स्वस्त सुट्या भागांवरच चालते. एखादा कारखानदार स्वतःच्या नावाने, पत्त्यासकट, कमी किमतीचा भाग विकत असेल तर तो प्रामाणिक 'लोकल' माल. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात असे कितीतरी हात लोखंडाला आकार देत असतात. पण दुसऱ्याचे नाव लावून विकलेला तो नकली. पहिल्यात पैसे वाचतात, दुसऱ्यात आपण फसतो. गरिबाला हा फरक कळणे श्रीमंताहून अधिक गरजेचे आहे. कारण त्याच्यापाशी दुसऱ्यांदा विकत घ्यायला पैसे नसतात.

शेवटी आमचे काम केले ते फुटपाथवर छत्रीखाली बसणाऱ्या एका किल्लीवाल्या चाचांनी. त्यांनी आधी गाडीचे कागद मागितले. आप्पांचा चेहरा किंचित उतरला, तेव्हा चाचा म्हणाले, "राग मानू नका मालक. किल्ली करनं म्हंजे कुनाच्या तरी घराचं दार उघडनं. आदी कागद, मग कानस." कागद पाहिल्यावर त्यांनी आमची किल्ली उन्हात धरली, अंगठ्याने तिच्या कडा चाचपल्या आणि मान हलवली. मी विचारले, मशीनवर हिच्यासारखी दुसरी काढता येणार नाही का? ते हसले. त्यांच्या मशीनला दोन पकडी. एकीत जुनी किल्ली, दुसरीत कोरी. जुनीवरून एक टोक सरकते आणि तशीच चाकी कोरीला कापत जाते. "ताई, ह्या मशीनला अक्कल न्हाई. ते दावलेलं तेवढं करतं. झिजलेल्या किल्लीवरनं किल्ली काढली तर नव्या पितळात जुनी झीजच येती."

मग त्यांनी विचारले की नव्या गाडीबरोबर नंबराची एक छोटी पत्र्याची चकती मिळते, ती आहे का? त्या नंबरावरून कारखान्यात कापली होती तशी मूळ किल्ली पुन्हा कापता येते. पण आम्ही तिसरे मालक. चकती पहिल्याच मालकाकडे कुठेतरी हरवलेली. तेव्हा चाचांनी व्हॅनच्या मागच्या दाराचे कुलूप खोलले. ते दार आम्ही नेहमी आतून उघडतो, त्यामुळे सतरा वर्षांत त्याला किल्ली क्वचितच लागलेली. कागदावर कुलूप ठेवून त्यांनी चिमट्याने एकेक पत्ती बाहेर काढली आणि मला म्हणाले, "वाचा." प्रत्येक पत्तीवर बारीक अंक कोरलेला होता! एक, दोन, तीन, चार, यांतलाच कोणता तरी. जितका अंक वेगळा तितकी किल्लीची पायरी वेगळी. मी वाचत गेले आणि त्यांनी कानशीने कोऱ्या पट्टीवर त्या पायऱ्या पाडल्या. तासाभरात नवी किल्ली तयार झाली. दारांना ती लोण्यासारखी लागली.

स्विचला मात्र ती अडली! माझा जीव वरखाली झाला. चाचा शांत होते. जुन्या किल्लीबरोबर स्विचच्या पत्त्याही झिजल्या होत्या. दोघींनी इतकी वर्षे एकमेकींना सांभाळून घेतले होते. त्यांनी आपल्या डब्यातून त्याच अंकांच्या तीन पत्त्या आणि दोन स्प्रिंगा शोधून बसवल्या. किल्ली फिरली. एकूण खर्च साडेचारशे रुपये. "नव्या किल्लीवरनं दुसरी आत्ताच काढून ठेवा," ते म्हणाले, "नवी हाय तवरच. मूळची घरात ठेवा, वापराय काढलेली घ्या. आन तेल घालू नका कुलपात. तेलावर धूळ बसून गाळ हुतो. शिसपेन्सिल घासा किल्लीवर." शिसपेन्सिलीत शिसे नसून ग्रॅफाइट असते आणि ते कोरडे वंगण आहे, हे विज्ञानाच्या पुस्तकात मी दहा गुणांसाठी पाठ केले होते.

नव्या गाड्यांत हे राहिलेले नाही. त्यांच्या किल्लीत बॅटरीशिवाय चालणारी चिप असते. स्विचभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते आणि तिने आपली ओळख सांगितल्याशिवाय इंजिन पेटत नाही. युरोपात नव्या मोटारींना ही व्यवस्था १९९८ पासून सक्तीची आहे. चोर अडतो हे खरे. पण किल्ली हरवली तर खरा मालकही अडतो आणि त्याला काही हजार मोजावे लागतात. चाचांचा मुलगा आता संगणक जोडून अशा किल्ल्या करायला शिकतो आहे. कानस आणि संगणक एकाच छत्रीखाली बसले आहेत, हे पाहून बरे वाटले.

त्या दिवसापासून चाचांचे एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या गुरुजनांनी राग मानू नये; पण आपण कलाशाखेचे विद्यार्थी काय करतो? मोठ्या वर्गातल्या ताईच्या नोट्स आपण उतरवून घेतो; तिने त्या गाइडातून उतरवलेल्या; गाइडवाल्याने दुसऱ्या गाइडातून. मूळ पुस्तकाला कोणी हात लावलेला नसतो. नव्या वहीत जुनी झीज! मग उत्तराची किल्ली परीक्षेत फिरत नाही आणि आपण कुलपाला दोष देतो. मूळ पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात आमच्या मागच्या दाराच्या कुलपासारखे कोरे, न झिजलेले पडून आहे. त्याच्या पत्त्यांवरचे अंक अजून स्वच्छ वाचता येतात.

आणि आणखी एक. नवी किल्ली स्विचला अडली होती, हे मला विसरता येत नाही. मी घरी कॉलेजातली भाषा बोलले की आई म्हणते, "लई पुस्तकावानी बोलाय लागलीस." गेल्या महिन्यात आत्याने एक स्थळ आणले. मुलगा चांगला, घर चांगले. पण पुढे शिकवायचे की नाही यावर ती मंडळी गप्प. मी नाही म्हटले तेव्हा घरात दोन दिवस कोणी नीट बोलले नाही. शिकलेली मुलगी म्हणजे घराच्या दृष्टीने नव्या मापाची किल्ली. ती अडते, आणि तो कोणाचा अपराध नसतो. कुलूप फोडूनही चालत नाही आणि किल्ली घासून जुन्या मापाची करूनही चालत नाही. आतल्या दोन-तीन पत्त्या, धीराने, कोणीतरी बदलाव्या लागतात. तिसऱ्या दिवशी आप्पांनी आत्याला फोन केला. "पदवी हुंदे तिची. मग तिलाच इचारू," एवढेच ते बोलले. माझ्या मते एक पत्ती त्या दिवशी बदलली.

आता मूळ किल्ली घरात देव्हाऱ्याजवळ, त्या लोखंडी घोड्याशेजारी टांगलेली असते. तिच्यावरून काढलेली एक आप्पांकडे आहे आणि दुसरी त्यांनी माझ्याकडे दिली आहे. मला गाडी येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मी तसे म्हटलेही. ते म्हणाले, "यील की. सुट्टीत शिकवतो." चाचांनी वाचायला लावलेले अंक मी ज्या कागदावर लिहून घेतले तो माझ्या वहीच्या शेवटच्या पानात जपून ठेवला आहे. ते अंक मी येथे देणार नाही. हे वार्षिक साऱ्या कॉलेजच्या हातात जाते आणि गाडी आमची रात्री रस्त्यावरच उभी असते!